गायरानाच्या बेटावरचा भुंगा

मृगाचे दोन-चार दमदार पाऊस झाले, की मराठवाड्याच्या माळावर एक काळाकुळकुळीत भुंगा जमिनीतून वर येतो. लांबी साधारण चार सेंटिमीटर, म्हणजे किड्यांच्या हिशेबात धिप्पाडच. पाय लांब, कंबर आवळलेली, पुढे धारदार जबडे आणि अंगावर सहा पांढरे ठिपके. दोन ठिपके डोक्यामागच्या ढालीवर, चार पाठीवर. दिवसा तो दगडाखाली नाही तर झुडपाच्या बुडाशी पाचोळ्यात पडून असतो. अंधार पडला की शिकारीला निघतो. आभाळ भरून आलेलं असेल तर भर दिवसाही पायवाट ओलांडताना दिसतो. ओलांडतो तो चालत, कारण याला उडता येत नाही. भुंग्यांच्या पाठीवर दोन कठीण झाकणं असतात आणि त्यांच्याखाली उडायचे पंख घडी करून ठेवलेले असतात. याची झाकणं मात्र एकमेकांना कायमची चिकटलेली आहेत, उघडायची सोयच नाही. मातीतून बाहेर पडल्यापासून मातीत मिसळेपर्यंतचा सगळा प्रवास पायी.

शास्त्रीय नाव अँथिया सेक्सगुट्टाटा. डॅनिश कीटकशास्त्रज्ञ योहान ख्रिश्चन फाब्रिसियस यानं १७७५ साली त्याचं वर्णन छापलं. त्याच वर्षी इकडे राघोबादादा सुरतेत बसून इंग्रजांशी तह करत होते. हा भुंगा कॅराबिडी कुळातला. या कुळात जगभरात चाळीस हजारांच्या आसपास जाती आहेत आणि त्यातल्या बहुतेक जमिनीवर धावून शिकार करणाऱ्या. भारतातल्या जातींवर एच. ई. अँड्र्यूज यानं लिहिलेले ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’चे दोन खंड १९२९ आणि १९३५ मध्ये निघाले. आजही या कुळाचा अभ्यास करणाऱ्याला त्यांच्यापाशी जावंच लागतं. फुलपाखरं आणि पक्षी यांच्या वाट्याला आलेलं प्रेम या मंडळींच्या वाट्याला कधी आलं नाही. काळे, केसाळ पायांचे, पळणारे. बाई असो की बाप्या, पहिली प्रतिक्रिया चप्पल उचलण्याची.

चप्पल उचलण्याआधी एक गोष्ट माहीत असलेली बरी. असा ठळक वेश करून माळावर बिनधास्त हिंडणाऱ्या प्राण्याकडे काहीतरी असतं, म्हणूनच तो बिनधास्त असतो. अँथियाच्या पोटाच्या टोकाशी ग्रंथी असतात. फार छेडलं की तो मागचं टोक रोखून आम्लाचा फवारा उडवतो. त्यातला मुख्य भाग फॉर्मिक आम्लाचा, म्हणजे कित्येक मुंग्या शत्रूवर सोडतात तेच, पण मात्रा कितीतरी मोठी. कातडी चुरचुरते, डोळ्यात गेलं तर हाल होतात. तसं झालं तर डोळा चोळायचा नाही, भरपूर पाण्यानं धुवायचा आणि सरळ डॉक्टरकडे जायचं. पांढरे ठिपके ही दारावर लावलेली पाटी आहे. पाटी इतकी विश्वासाची, की दुसऱ्यांनीही ती चोरली. दक्षिणेकडच्या झुडपी रानांत थेरिया नावाचं एक झुरळ राहतं. काळ्या अंगावर पांढरे ठिपके, जवळ आम्ल वगैरे काही नाही. अँथियाच्या धाकावर त्याचं चालतं असं अभ्यासकांचं मत. आफ्रिकेत कालाहारीच्या वाळवंटात तर एका सरड्याची पिल्लं ही नक्कल करतात. पिल्लू काळं-पांढरं असतं आणि पाठ कमानीसारखी वर काढून, पाय ताठ ठेवून भुंग्याच्या चालीनं चालतं. मोठं झालं, भुंग्यापेक्षा थोराड झालं, की रंग वाळूचा होतो आणि चालही सरड्याची. ह्यूई आणि पिआन्का या दोघांनी १९७७ मध्ये हे प्रकरण जगापुढे आणलं.

या कुळाच्या रसायनशाळेचा प्रसाद चार्ल्स डार्विनलाही मिळाला होता. केंब्रिजला शिकत असताना त्याला भुंगे गोळा करण्याचं वेड होतं. एकदा झाडाची साल सोलताना दोन दुर्मीळ भुंगे सापडले, दोन्ही मुठीत एकेक धरला. तेवढ्यात तिसरा दिसला. आता तोही हवाच. डार्विननं उजव्या हातातला भुंगा तोंडात टाकला. भुंग्यानं तोंडात तिखट द्रव सोडला, जीभ भाजली, तो थुंकावा लागला आणि तिसराही निसटला. ही हकीकत त्यानं आत्मचरित्रात स्वतःच सांगितली आहे.

याच डार्विनला पुढे एक प्रश्न पडला, की इतके भुंगे उडायचे का सोडून देतात?

माहिती दिली होती थॉमस व्हर्नन वोलास्टन यानं. छातीच्या दुखण्यासाठी हवापालट म्हणून तो अटलांटिक महासागरातल्या मदैरा बेटावर गेला आणि प्रकृती सांभाळत भुंगे मोजत बसला. डार्विननं त्याचे आकडे ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’मध्ये घेतले आहेत. मदैरावरच्या ५५० जातींच्या भुंग्यांपैकी २०० जातींना उडता येण्यासारखे पंखच नाहीत. ज्या २९ प्रजाती, म्हणजे जातींचे गट, फक्त त्याच बेटावर आहेत, त्यांतल्या २३ पूर्णपणे बिनपंखी. डार्विनचं उत्तर साधं होतं. बेटावर वारा सुटतो, उडणारा समुद्रात जातो आणि बुडतो. न उडणारा जमिनीला चिकटून राहतो आणि त्याचीच पिल्लं पुढे वाढतात.

उत्तर सुंदर आहे, पण पुरं पडत नाही. अमेरिकेतल्या हार्वर्डचा फिलिप डार्लिंग्टन आयुष्यभर याच कुळाच्या मागे होता. १९४३ मध्ये त्यानं एक मोठा निबंध लिहिला आणि समुद्रातल्या बेटांशेजारी डोंगरमाथे ठेवून पाहिले. डोंगरावर समुद्र नाही, तरी तिथेही वर चढत जावं तसे बिनपंखी भुंगे वाढत जातात. मग वाऱ्याचं काय? डार्लिंग्टन आणि त्याच्यानंतरच्या अभ्यासकांनी मुद्दा दुसरीकडे वळवला. पंख आणि ते हलवणारे स्नायू वाढवायला खाणं लागतं. जिथे ओढा आटतो, तळं फिरतं, चिखल वाळतो, तिथे हा खर्च करावाच लागतो, कारण उद्या दुसरीकडे जायचं असतं. जिथे जागा थोडी पण कायमची, तिथे उडून जाण्यात काही राम नाही. वाचलेली शक्ती अंड्यांकडे वळते. म्हणजे बिनपंखी असणं हे अपंगत्व नव्हे. आपली जागा उद्याही इथेच राहील या भरवशावर केलेला तो व्यवहार आहे. कोरड्या मुलखात जोडलेल्या पाठीचा आणखी एक फायदा मानतात: अंगातला ओलावा कमी उडतो. अँथिया आफ्रिकेच्या आणि आशियाच्या कोरड्या भागांतलं घराणं. त्याला दख्खनचा माळ मानवला यात नवल नाही.

भरवसा मोडला तर काय होतं, ते सेंट हेलेनानं दाखवलं. नेपोलियनच्या कैदेमुळे हे बेट आपल्या शाळेतल्या पुस्तकातही आहे. तो १८२१ मध्ये तिथेच वारला. त्याच बेटावर जगात इतरत्र कुठेही नसलेला एक मोठा जमिनीवरचा भुंगा राहत होता, ॲप्लोथोरॅक्स बर्चेली. नावातला बर्चेल म्हणजे नेपोलियनच्या आधी तिथे राहून गेलेला वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम बर्चेल. पोर्तुगीज खलाशांनी १५०२ मध्ये बेट पाहिलं, पाठोपाठ बोकडं सोडली. बोकडांनी आणि सरपणानं जंगल खाल्लं, जहाजांतून उंदीर उतरले, मोठी गोम उतरली. मुळात शिकाऱ्यांची सवय नसलेल्या, उडून जाता न येणाऱ्या भुंग्याला आता जावं तरी कुठे? १९६० च्या दशकात बेल्जियमच्या मोहिमा तिथे गेल्या, तेव्हा काही भुंगे मिळाले. १९६७ नंतर कुणाला तो जिवंत सापडल्याची नोंद नाही. त्याच बेटावर जगातली सर्वांत मोठी कानकिडी होती. तिचीही शेवटची भेट १९६७ चीच, आणि २०१४ मध्ये तिला नामशेष जाहीर केलं गेलं. बेटावरच्या प्रॉस्परस बे नावाच्या उजाड पठारावर पुढे विमानतळ झाला. दूरवरून पाहणाऱ्याला ते पठार म्हणजे काही नसलेली जागा वाटते. तिथे फक्त त्याच पठारावर सापडणारे बारके जीव भरपूर आहेत.

‘काही नसलेली जागा’ हा शब्दप्रयोग आपल्या ओळखीचा आहे. सातबाऱ्यावर ‘पोटखराब’, सरकारी नकाशावर ‘पडीक’, भाषणात ‘ओसाड’. छत्रपती संभाजीनगरच्या भोवतीच्या टेकड्या बघा. लेण्यांचा डोंगर, गोगाबाबाची टेकडी, सातारा परिसरातल्या टेकड्या, देवगिरीचा किल्ला आणि त्यामागे वेरूळकडे जाणारी रांग. काळ्या बेसॉल्टवर चार बोटं मुरमाड माती, तिच्यात कुसळी गवत, बोर, हिवर, कुठे तरवड. वर्षाला जेमतेम सातशे मिलिमीटर पाऊस, तोही एकसारखा नाही. अशा जागेत घनदाट जंगल कधी नव्हतंच. ही जंगलं उजाड झालेली नाहीत, हा माळच आहे, आणि तो असाच हजारो वर्षं आहे. भारतातल्या अशा मोकळ्या माळ-कुरणांचा नकाशा मधुसूदन आणि वनक या अभ्यासकांनी अलीकडेच केला. देशाच्या जमिनीत त्यांचा वाटा सुमारे दहा टक्के, त्यातला बराचसा सरकारदरबारी पडीक, आणि संरक्षित क्षेत्रांत पाच टक्क्यांहूनही कमी. आपल्याकडे कन्नड-चाळीसगाव सीमेवरचं गौताळा औट्रमघाट अभयारण्य १९८६ साली झालं, क्षेत्र २६० चौरस किलोमीटर. डोंगर वाचला, हे चांगलंच. पण अभयारण्याबाहेरचा सपाट माळ आणि गावोगावची गायरानं कुणाच्या यादीत नाहीत.

माळ पूर्वी सलग होता. आज तो तुकड्यातुकड्यांत आहे. मध्ये कपाशी, मका, सोयाबीन, ऊस, शेततळी, प्लॉटिंग, डांबर. पक्ष्याला याचं काही वाटत नाही, तो एका टेकडीवरून दुसरीवर जाऊन बसतो. फुलपाखरू वाऱ्यावर जातं. चार सेंटिमीटरच्या पायी प्रवाशाला मात्र टेकडी आणि टेकडीमधली दोन किलोमीटर नांगरट म्हणजे समुद्रच. मदैराला जायला जहाज लागतं. आमच्या गायरानाच्या बेटाला एसटी पुरते, एवढाच फरक.

आणि खरीखुरी बेटंही जिल्ह्यात आहेत. पैठणला जायकवाडीची पायाभरणी १९६५ मध्ये झाली, १९७६ मध्ये धरणाचं उद्घाटन झालं आणि गोदावरीचं खोरं पाण्याखाली गेलं. गावं उठली, माणसं पुनर्वसनात गेली. त्या माणसांचं दुःख वेगळं आणि मोठं, या लेखात त्याला हात घालणं बरं नाही. पण जिथे चढ होता, उंचवटा होता, तिथे पाण्याच्या मध्ये जमीन उरली. या जलाशयाचा, म्हणजे नाथसागराचा, पसारा साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या घरात आणि त्यात अशी तीसेक बेटं आहेत. हिवाळ्यात परदेशी पाहुणे तिथे उतरतात, म्हणून १९८६ मध्ये पक्षी अभयारण्य जाहीर झालं. सगळ्या दुर्बिणी वर, आभाळाकडे. त्याच बेटांवरच्या दगडाखाली काय आहे, हे पाहायला पक्षीनिरीक्षकाला खाली वाकावं लागेल.

धरणातल्या बेटांचं शास्त्र जगात चांगलं मुरलेलं आहे. पनामाचा कालवा काढताना १९१४ च्या सुमारास गटून सरोवर भरलं आणि एका डोंगराचं बारो कोलोरॅडो हे बेट झालं. तिथे १९२३ पासून संशोधन चालू आहे. बेट झाल्यानंतर तिथले अनेक पक्षी एकेक करून नाहीसे झाले, जंगल जसंच्या तसं असूनही. मॅकआर्थर आणि विल्सन यांनी १९६७ मध्ये बेटांचा सिद्धान्त मांडला. बेट जितकं लहान आणि मुख्य भूमीपासून जितकं लांब, तितक्या तिथे टिकणाऱ्या जाती कमी. नाथसागराचं वैशिष्ट्य निराळं आहे. बारो कोलोरॅडो बारा महिने बेट असतं, नाथसागरातली कित्येक बेटं मात्र सहा महिन्यांची असतात. उन्हाळ्यात पाणी खाली जातं, गाळ उघडा पडतो, लोक तिथे गाळपेरा करतात आणि बेट किनाऱ्याला जोडलं जातं.

आता भुंग्याचं पंचांग आणि धरणाचं पंचांग शेजारी ठेवून पाहा. अँथिया पावसाळी प्राणी, त्याची वर्दळ जून ते सप्टेंबरची. जायकवाडीत पाणी यायचं ते स्थानिक पावसानं कमी आणि नाशिक-नगरच्या धरणांतून सोडल्यावर जास्त, म्हणजे बहुधा जुलैच्या अखेरपासून पुढे. मृगाच्या पहिल्या पावसानं भुंगा जागा होतो तेव्हा धरण वर्षातल्या सर्वांत खालच्या पातळीला असतं. याचा अर्थ असा, की त्याला चालून जायला दीड-दोन महिन्यांची वाट उघडी मिळते, आणि वरच्या धरणांतून विसर्ग सुरू झाला की ती बंद होते. समन्यायी पाणीवाटपावरून नाशिक, नगर आणि मराठवाडा यांच्यात दरवर्षी जी कोर्टकचेरी होते, तिच्यात पक्षकार म्हणून एक भुंगाही आहे, फक्त त्याला वकील नाही. सलग दोन-तीन वर्षं धरण भरलेलं राहिलं तर वाट उघडतच नाही. बसक्या बेटावर पाणी चढलं तर बेटच जातं. पक्षी उडतात. याचं काय, ते सांगायला नको.

हा भुंगा खातो काय, यावर त्याची खरी किंमत ठरते. मिळेल तो किडा, असं थोडक्यात सांगता येईल. नाकतोडे, अळ्या, दुसरे भुंगेरे, वाळव्या, मुंग्या. मोठ्या अँथियानं लहानशी पालही धरल्याच्या नोंदी आहेत. या कुळातले अनेक भुंगे भक्ष्यावर पाचकरस सोडतात, मांस बाहेरच पातळ करतात आणि मग ओढून घेतात. मादी मातीत अंडी घालते. अळीही शिकारी, तीही मातीतच. तिथेच कोष, आणि पुढच्या पावसाची वाट. म्हणजे वरून दिसो न दिसो, बारा महिने हे कुटुंब जमिनीच्या वरच्या काही बोटांत कामावर असतं. त्यांना खाणारेही आहेत. पिंगळा, टिटवी, मुंगूस यांच्या जेवणात जमिनीवरच्या भुंगेऱ्यांचा वाटा मोठा.

शेतकऱ्याला हे का कळायला हवं? कारण आपल्या पिकांचे मोठे शत्रू आयुष्यातला एक टप्पा जमिनीत काढतात. अमेरिकी लष्करी अळी २०१८ मध्ये भारतात पहिल्यांदा कर्नाटकात सापडली, त्याच वर्षी महाराष्ट्रात आली आणि सिल्लोड, कन्नड, फुलंब्रीच्या मक्यानं तिचा मार खाल्ला. ही अळी पोंग्यात बसून खाते, फवारणीला दाद देत नाही, मग पूर्ण वाढली की खाली उतरते आणि मातीत दोन-चार बोटं खोल कोष करते. २०१७ मध्ये कपाशी खाऊन गेलेली गुलाबी बोंडअळीसुद्धा कोषात जायला माती-पाचोळ्याचा आसरा घेते. पोंग्यातल्या अळीपर्यंत माणसाचा पंप पोचत नाही. खाली उतरलेल्या अळीपर्यंत जमिनीवरचा भुंगा पोचतो. अमेरिकेनं जिप्सी पतंगाच्या अळ्यांसाठी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपातून कॅलोसोमा नावाचे याच कुळातले भुंगे मुद्दाम आणून सोडले होते. आमच्याकडे हे भुंगे फुकट आहेत आणि आम्ही ते मारतो.

मारतो म्हणजे कसे, याचं उदाहरण सोयाबीनचं. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत शंखी गोगलगायींनी उगवतं सोयाबीन रातोरात फस्त केलं. लोकांनी गोणपाटं ओली करून अंथरली, पहाटे गोगलगायी वेचून मिठाच्या पाण्यात टाकल्या, मेटाल्डिहाइडच्या गोळ्या टाकल्या, दुबार-तिबार पेरण्या केल्या. आता अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातला एक प्रयोग पाहा. डग्लस, रोर आणि टूकर या तिघांनी तो २०१५ मध्ये छापला. सोयाबीनचं बियाणं थायामेथोक्झाम हे कीटकनाशक लावून पेरलं. तिथल्या बिनशंखी गोगलगायींनी ती रोपं खाल्ली. त्यांना विषाचं काही झालं नाही. पण त्या गोगलगायी ज्यांनी खाल्ल्या, त्या क्लेनियस प्रजातीच्या जमिनीवरच्या भुंग्यांपैकी साठ टक्क्यांहून जास्त मेले किंवा लुळे पडले. शेतात राखणदार कमी झाले, गोगलगायी वाढल्या आणि उत्पादन पाच टक्क्यांनी घटलं. बीजप्रक्रियेचा खर्च केला तो केला, वर तोटा. क्लेनियस आपल्या शेतांतही आहे. पावसाळ्यात ओलसर ढेकूळ उचललं की पिवळ्या काठाचा, हिरवट चकाकणारा जो भुंगा सैरावैरा पळतो, तो बहुधा हाच. लातूरच्या गोगलगायी याच कारणानं वाढल्या असं मी म्हणत नाही. ती शंखी गोगलगाय परदेशी आणि थोराड. मोठी झाल्यावर भुंग्यालाही आवरणारी नाही. पण तिची अंडी आणि पिल्लं खाणारं कुणी शेतात उरलं आहे का, हा प्रश्न बियाण्याच्या पिशवीवरचा रंग पाहून कुणी विचारत नाही.

या सगळ्यावर एक उपाय इंग्लंडात सापडला, आणि तो वाचताना मराठवाड्यातल्या माणसाला हसू आल्याशिवाय राहत नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस थॉमस, रॅटन आणि सदर्टन या संशोधकांनी हॅम्पशायर परगण्यातल्या गव्हाच्या मोठमोठ्या शेतांमध्ये मधोमध मातीचा वरंबा घातला. हातभर उंच, दोन-तीन हात रुंद. त्यावर झुपक्यांचं गवत लावलं आणि तो नांगरायचा नाही, फवारायचा नाही असं ठरवलं. दुसऱ्या हिवाळ्यात त्या गवतात दर चौरस मीटरला हजाराहून अधिक शिकारी कीटक आणि कोळी मोजले गेले. उन्हाळ्यात ते पिकात उतरले आणि मावा खाऊ लागले. १९९१ च्या त्यांच्या निबंधाच्या शीर्षकातच या वरंब्यांना बेटं म्हटलं आहे. पुढे सरकारनं अनुदान दिलं, आणि इंग्रज शेतकरी पैसे घेऊन शेतात असे वरंबे घालू लागले.

म्हणजे बांध! ज्याला आपण बांध म्हणतो तो. आपल्या आज्यापणज्यांनी तो अनुदानाशिवाय घातला होता, आणि आपण तो कोरतो. दर पेरणीला वीतभर आत सरकायचं, शेजाऱ्यानं तिकडून वीतभर, आणि मग दोघं भाऊ तहसीलच्या पायऱ्यांवर. मोजणी, कोर्ट, वकील. बांधाच्या वादात जमिनीच्या किमतीहून जास्त पैसा गेलेली घरं प्रत्येक तालुक्यात आहेत. जिथे बांध उरला तिथे एप्रिलात काडी लावली जाते, कारण वाळलं गवत ‘घाण’ दिसतं, आणि पावसाळ्यात त्यावर तणनाशक मारलं जातं. एका काडीत अळी, कोष आणि अंडी सगळी जळतात. दुःखाची गोष्ट अशी, की पायी चालणाऱ्या भुंग्याला टेकडीपासून टेकडीपर्यंत जायला समुद्रावरचा पूल असेल तर तो हाच. हॉलंडमध्ये पीट डेन बूर या अभ्यासकानं १९५९ पासून ड्रेन्ट प्रांतातल्या माळरानांवर याच कुळातले भुंगे वर्षानुवर्षं मोजले. त्याची पद्धत साधी होती: जमिनीत काठोकाठ पुरलेले डबे, त्यात रात्री पडलेले भुंगे सकाळी मोजायचे. त्याला दिसलं ते असं, की माळाचे तुकडे पडले की उडणाऱ्या जाती एका तुकड्यातून गेल्या तरी पुन्हा येतात. चालणाऱ्या जाती गेल्या की गेल्याच.

रस्त्याचंही तसंच. जर्मनीत माडर यानं भुंग्यांच्या अंगावर खुणा करून पाहिलं. रानातून जाणारा साधा डांबरी रस्ता ओलांडणारे भुंगे अगदी विरळा निघाले, बहुतेक काठाशी येऊन परत फिरले. आपल्या जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग जातो. सहा पदरी, दोन्ही बाजूंना भिंत, नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर. मोठ्या प्राण्यांसाठी त्यावर काही ठिकाणी पूल आणि खालून वाटा केल्या आहेत, आणि त्याचं कौतुक करायलाच हवं. वैजापूरच्या माळावरचा भुंगा पलीकडच्या माळावरच्या भुंग्याला आता भेटणार नाही, ही गोष्ट मात्र पर्यावरणाच्या कुठल्या अहवालात आली असेल असं वाटत नाही.

गायरानाबद्दल बोलताना मात्र जपून बोलायला हवं. शहरात बसून ‘गायरान भुंग्यांसाठी राखा’ म्हणणं सोपं आहे. मराठवाड्यात गायरान म्हणजे भूमिहीन दलितांच्या पोटाचा प्रश्न. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये त्यासाठी सत्याग्रह झाले, माणसं तुरुंगात गेली. १९९१ च्या शासन निर्णयानं १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणं नियमित करायचं ठरवलं, तरी सातबाऱ्यासाठी लोक अजून खेटे घालतात. पोट भरायला दोन एकर कसणाऱ्या माणसानं भुंग्याची बेटं बुडवलेली नाहीत. ती बुडवली औद्योगिक पट्ट्यांनी, खडी क्रशरनी, प्लॉटिंगवाल्यांनी, आणि हो, वृक्षारोपणानंही. २०१६ ते २०१९ या काळात राज्यात पन्नास कोटी झाडांची मोहीम झाली. माळावर जेसीबीनं चर खणायचे, कुसळी उपटायची आणि खड्ड्यात गिरिपुष्प लावायचं, याला हिरवळ म्हणण्याची चाल तेव्हा पक्की झाली. झाड लावलं की पुण्य लागतं हा आपला समज फार जुना. पण माळावरची माती उलथली, दगड काढले आणि सावली पाडली, की तिथला भुंगा, धाविक आणि माळटिटवी यांना तो पुण्याचा खड्डा पुरतो. झाडं गावात लावा, ओढ्याकाठी लावा, रस्त्याच्या कडेला लावा. माळाला माळ राहू द्या.

येत्या मृगात दोन गोष्टी करता येतील आणि दोन्हीला पैसा लागत नाही. जिल्ह्यातल्या प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या महाविद्यालयांनी आणि जिल्हा परिषदेच्या शाळांनीही, आपापल्या टेकडीवर, बांधावर आणि परवानगी घेऊन नाथसागराच्या बेटांवर प्लॅस्टिकचे ग्लास काठोकाठ पुरून रात्रभर ठेवावेत आणि सकाळी मोजून, तारीख-जागा टिपून भुंगे सोडून द्यावेत. ग्लासावर दगडांचा आडोसा ठेवावा, नाहीतर पाऊस भरतो. सहा ठिपक्यांचा दिसला तर चेहरा लांब ठेवून फोटो काढावा.

आणि शेतकरी भावांनो, शेजाऱ्याशी बांधाचा वाद असेल तर तो चालू द्या, तो काही लगेच मिटणार नाही. पण निकाल लागेपर्यंत त्या बांधाला काडी लावू नका आणि त्यावर तणनाशक मारू नका.